‘मी’ म्हणणारी बाई आणि गुपित राखणारा मित्र

टोपणनावाने लिहिलेल्या साहित्याबद्दल आपण बहुतेक वेळा कोड्यासारखे बोलतो. पडद्यामागे कोण होते, कसे कळले, कोणी सांगितले, एवढे समजले की विषय संपतो. मराठीतले असे सर्वांत गाजलेले कोडे १९३३ सालचे. त्या वर्षी ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिका विभावरी शिरूरकर. या नावाची बाई कोणाच्या पाहण्यात नव्हती, आणि पुस्तक असे होते की ती कोण हे विचारल्याशिवाय मराठी समाजाला राहवेना. शिकलेल्या, कमावत्या, लग्नाचे वय उलटून चाललेल्या मुलींची मने, त्यांची शरीराची ओढ, हुंडा, दाखवून घेण्याचे प्रकार, आईबापांचा कळत नकळत चाललेला स्वार्थ, असे सगळे त्यात उघडपणे आले होते. वादळ उठले. पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली आणि त्या वादळाला आणखी वारा मिळाला.

कोड्याचे उत्तर आज मराठीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. पण मला त्या खऱ्या उत्तराइतकेच त्या काळच्या वाचकांनी काढलेले खोटे उत्तर महत्त्वाचे वाटते. ते उत्तर असे होते: हा कोणी तरी पुरुष असणार. बाईचे नाव घेऊन पुरुषच हे लिहितो आहे. असा तर्क वाचकांना सुचला कसा आणि पटला कसा, हे पाहिले तर आपल्या वाचनाच्या एका जुन्या सवयीचा माग लागतो. त्या सवयीविषयी आणि ते गुपित सांभाळणाऱ्या मैत्रीविषयी मला इथे लिहायचे आहे.

टोपणनावांचा विषय निघाला की व्हिक्टोरियन इंग्लंडचे दाखले आपोआप पुढे येतात. १८४६ साली करर, एलिस आणि ॲक्टन बेल या तीन नावांनी एक कवितासंग्रह निघाला. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी करर बेलची ‘जेन एअर’ आली आणि सगळे लंडन या बेल मंडळींचा शोध घेऊ लागले. ते तिघे भाऊ की एकच माणूस, पुरुष की बायका? १८४८च्या जुलैमध्ये शार्लट आणि ॲन ब्राँटे यांना स्वतः लंडनला जाऊन प्रकाशकासमोर उभे राहावे लागले, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. दहा वर्षांनी जॉर्ज एलियट या नावाने तेच घडले. मेरी ॲन इव्हान्स हिच्या पहिल्या कथा जॉर्ज हेन्री लुईसने ‘एका मित्राचे लेखन’ म्हणून जॉन ब्लॅकवुडकडे पाठवल्या. ब्लॅकवुडच्या मासिकात त्या निनावी आल्या, पुस्तक एलियटच्या नावाने आले. ते वाचून १८५८च्या जानेवारीत डिकन्सने एलियटला पत्र लिहिले आणि ही कोणी स्त्री असावी असे आपल्याला वाटते हे कळवून टाकले. दुसरीकडे जोसेफ लिगिन्स नावाच्या गृहस्थाला लोकांनी या पुस्तकांचा खरा लेखक ठरवले. त्या गोंधळाला कंटाळून १८५९मध्ये गुपित उघडे करावे लागले.

या दाखल्यांशेजारी विभावरी शिरूरकरांना ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ठेवावे, पण एक फरक डोळ्यांआड करू नये. बेल भगिनींची नावे मुद्दाम अशी निवडलेली होती की त्यांवरून स्त्री की पुरुष ते ठरू नये. एलियटने तर सरळ पुरुषाचे नाव घेतले. ‘बाईचे लेखन’ म्हणून वेगळ्या, हलक्या मापाने आपल्याला मोजू नये ही त्यांची इच्छा होती. बाळूताई खरे यांनी बाईचेच नाव घेतले. विभावरी म्हणजे रात्र, आणि शिरूरकर म्हणजे ज्या शिरूर-घोडनदीशी त्यांचे बालपण बांधलेले होते तिथली. त्यांनी माणूस लपवला, बाईपण लपवले नाही. ते लपवून चालणारच नव्हते, कारण पुस्तकाचे सगळे बळ ‘हे बाई सांगते आहे’ या एका गोष्टीत होते. इंग्लंडमधल्या लेखिकांनी स्वतःहून जे बाजूला ठेवले, ते बाळूताईंनी जपले. आणि वाचकांनी नेमके तेच त्यांच्याकडून काढून घेतले.

हे असे का झाले याचे साधे उत्तर ‘बुरसटलेला समाज’ असे आहे. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. याच सुमारास, १९३४ साली, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला आणि मराठी वाचकाने तो डोक्यावर घेतला. एका बाईचा स्पष्ट, खोडकर, निर्भय ‘मी’ त्यात होता. त्याआधी, १९१०मध्ये, रमाबाई रानडे यांचे आठवणींचे पुस्तक आले होते. म्हणजे बाई ‘मी’ म्हणून बोलते हे मराठीला नवे नव्हते. पण त्या दोन्ही पुस्तकांतल्या ‘मी’ला एक ओळखीचा आधार होता. रमाबाईंच्या आठवणींच्या मध्यभागी न्यायमूर्ती रानडे आहेत. लक्ष्मीबाईंच्या गोष्टीत रेव्हरंड टिळक सतत वावरतात, आणि त्यांची थट्टा करण्याचा अधिकार लक्ष्मीबाईंना पत्नी म्हणून आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या मुलींना असा कोणी नव्हता. त्या कोणाच्या पत्नी नव्हत्या, कोणाची थोरवी सांगत नव्हत्या. फक्त स्वतःला काय वाटते ते सांगत होत्या. अशा निराधार ‘मी’साठी वाचकाजवळ एकच नमुना होता, आणि तो नमुना कथेच्या प्रांतातला होता.

तो नमुना हरिभाऊ आपट्यांनी घालून दिला. १८९०मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः दिली. यमू नावाची मुलगी आपली हकीकत स्वतः सांगते: लहानपण, लग्न, सासर, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि केशवपन. मराठी कादंबरीत बाईच्या तोंडचा ‘मी’ इतक्या ताकदीने पहिल्यांदा बोलला तो इथे, आणि तो एका पुरुषाने लिहिला होता. ही निःसंशय मोठी कलाकृती आहे. तिने कित्येक घरांतल्या पुरुषांना आपल्या आईबहिणींकडे नव्याने बघायला लावले. पण तिने वाचकाच्या मनात आणखी एक गोष्ट रुजवली असे मला वाटते. बाईचे अंतरंग हे एका सहृदय, सुधारक पुरुषाच्या प्रतिभेतून आपल्यापर्यंत पोहोचते, ही ती गोष्ट. तो बोलका ‘मी’ बाईचा आणि लेखणी पुरुषाची, ही जोडणी वाचकाच्या अंगवळणी पडली. चाळीस वर्षांनी एक खरीच बाई त्या ‘मी’ने बोलू लागली, तेव्हा वाचक तिच्यामागे नवा हरिभाऊ शोधू लागला. फरक इतकाच की यमूच्या मागचा पुरुष सहृदय म्हणून गौरवला गेला, आणि विभावरीच्या मागे कल्पिलेला पुरुष चावट ठरवला गेला. यमू सोसत होती. विभावरीच्या नायिका इच्छा करत होत्या.

यमूच्या त्या ‘मी’मागे एक मैत्रीही होती, आणि तिची आठवण इथे करायलाच हवी. काशीबाई कानिटकर हरिभाऊंपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. लहानपणी लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवरा शिकलेला, कविता करणारा. सासरच्यांची नजर चुकवत त्या वाचायला शिकल्या, आणि पुढे आनंदीबाई जोशी यांचे चरित्र, ‘रंगराव’ ही कादंबरी आणि अनेक गोष्टी त्यांनी लिहिल्या. कानिटकर कुटुंबाशी हरिभाऊंचा घरोबा होता. काशीबाई आणि हरिभाऊ एकमेकांना पत्रे लिहीत, वाचनाविषयी आणि लेखनाविषयी बोलत. नवराबायको किंवा भाऊबहीण नसलेल्या स्त्रीपुरुषांत, लेखनाच्या बरोबरीच्या नात्यावर उभी राहिलेली अशी मैत्री एकोणिसाव्या शतकाच्या पुण्यात किती दुर्मीळ असेल याची कल्पना करून पाहावी. यमूच्या कोणत्या ओळी काशीबाईंमुळे आल्या हे शोधण्यात मला रस नाही. पण घरातल्या बाईचा दिवस आतून कसा दिसतो, चोरून वाचताना छाती कशी धडधडते, हे हरिभाऊंना सांगू शकणारी एक लेखिका त्यांच्या स्नेहात होती, ही गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाही. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात कादंबरीचे श्रेय हरिभाऊंना मिळते, काशीबाईंना ‘आद्य लेखिका’ म्हणून स्वतंत्र परिच्छेद मिळतो, आणि दोघांना जोडणारी मैत्री बहुधा चरित्राच्या तपशिलात राहून जाते. बाईच्या ‘मी’मागे पुरुष शोधण्याची सवय वाचकाला लागली; पुरुषाने लिहिलेल्या ‘मी’मागे बाई शोधण्याची मात्र कधी लागली नाही.

इथे बेंगळूरूत, मारतहळ्ळीला, आमचा सात-आठ जणांचा एक वाचनगट आहे. काही जण पुण्यानाशकाकडून नोकरीसाठी आलेले, दोघी कन्नडभाषक पण मराठी वाचणाऱ्या, एक तमिळ. मध्यंतरी आम्ही ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या कथा वाचल्या. टोपणनावाची हकीकत निघाली तेव्हा तमिळ मित्राने लगेच सुजाता यांचे नाव काढले. तमिळमधले हे अफाट लोकप्रिय लेखक म्हणजे एस. रंगराजन. याच शहरात भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंता होते आणि बायकोचे नाव घेऊन लिहीत. रंगराजन नावाचे दुसरे एक लेखक आधीच लिहीत होते, म्हणून ही सोय. पुरुषाने बाईचे नाव घेतले, सगळ्यांना कळले, आणि कोणाचे काही बिघडले नाही. उलट दिशेने मात्र बाईने बाईचेच नाव घेतले तरी तिला आपण बाई आहोत हे सिद्ध करावे लागले. पुरुषाला बाईचे नाव ही सोय असते. बाईला तेच नाव दावा होऊन बसते, आणि दाव्याला पुरावा मागितला जातो.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट घडली, ती मला जास्त मोलाची वाटते. संग्रहात ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या नावाची कथा आहे. तेवढ्या शीर्षकात कमावत्या मुलीचे सगळे दुखणे आले आहे: घर चालते तिच्या पगारावर, पण घर तिचे नाही. आमच्यातल्या एकीने शीर्षक वाचले आणि पुढे बराच वेळ वाचलेच नाही. आउटर रिंग रोडवरच्या मोठ्या कंपनीत ती काम करते, गावाकडच्या घराचे हप्ते भरते, आणि स्थळे बघण्याचा विषय घरात दर वर्षी थोडा पुढे ढकलला जातो. ‘हे कोणी लिहिले’ असे तिने विचारले नाही. ‘हे १९३३चे आहे?’ एवढेच विचारले. मला वाटते, या पुस्तकाला इतक्या वर्षांत मिळालेल्या वाचनांपैकी हे एक खरे वाचन होते. लेखक कोण या प्रश्नाच्या गदारोळात जे ऐकायचे राहून गेले होते ते तिने पहिल्याच ओळीत ऐकले. ‘लेखक कोण’ हा प्रश्न त्या काळी इतका जोरात विचारला गेला, कारण त्यामुळे दुसरा प्रश्न टळत होता: आपल्या घरात अशी मुलगी आहे का?

आता गुपिताकडे वळू. १९३३ साली बाळूताई अविवाहित होत्या आणि शिक्षणक्षेत्रात नोकरी करत होत्या. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, मुलींना शिकवणाऱ्या. ‘अलंकार मंजूषा’ आणि ‘हिंदू व्यवहार धर्मशास्त्र’ ही अभ्यासाची पुस्तके त्यांच्या स्वतःच्या नावावर प्रसिद्ध झाली होती. म्हणजे विद्वत्तेला त्यांचे नाव चालत होते, अनुभवाला चालत नव्हते. नाव फुटले असते तर नोकरी, संस्थेचा लौकिक, घरच्यांची मान, सगळेच पणाला लागले असते. अशा वेळी टोपणनाव ही एकट्या माणसाची करामत राहत नाही. हस्तलिखित कोणीतरी हाती घ्यावे लागते, मुद्रिते कोणाकडून तरी यावी-जावी लागतात, लेखिकेच्या नावे येणारी पत्रे, शिव्या, चौकशा कोणाला तरी अंगावर घ्याव्या लागतात. लेखिका दिसत नाही तेव्हा प्रकाशक दिसतो. विचारणा होते ती त्याच्याकडे, संशय येतो तो त्याच्यावर. लुईस नसता तर एलियट इतके दिवस टिकली नसती, आणि मोटे नसते तर विभावरी टिकल्या नसत्या.

ह. वि. मोटे हे मराठी प्रकाशनव्यवसायातले एक वेगळे नाव. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली त्यांनीच काढली. बेडेकर मालतीबाईंचे पती होते आणि मराठीतले हे विलक्षण लेखक दांपत्य मोट्यांच्या स्नेहपरिवारातलेच राहिले. मोट्यांविषयी लिहिताना त्यांची पुस्तकनिवड, त्यांचे धाडस, त्यांनी सोसलेला तोटा यांचा उल्लेख होतो. गप्प राहण्याचा उल्लेख क्वचित होतो. खरे तर बाजार तापलेला असताना गुपित फोडणे प्रकाशकाच्या फायद्याचे असते. कोण ही विभावरी, या कुतूहलावर आणखी एक आवृत्ती सहज खपली असती. पण लेखिकेने स्वतः सांगेपर्यंत नाव बाहेर आले नाही, आणि मध्ये कित्येक वर्षे गेली. या संयमाला आपल्या समीक्षेत जागा नाही. शैली, आशय, प्रभाव, परंपरा यांचे रकाने आहेत. विश्वासाचा रकाना नाही.

याच मोट्यांनी उतारवयात ‘विश्रब्ध शारदा’ हा प्रकल्प हाती घेतला. मराठी साहित्यिक, कलावंत, विचारवंत यांनी एकमेकांना लिहिलेल्या खासगी पत्रांचे ते खंड. पहिला १९७२मध्ये आला. आयुष्यातले सर्वांत मोठे वाङ्मयीन गुपित राखणाऱ्या माणसाने शेवटी दुसऱ्यांची खासगी पत्रे छापावीत, यात वरवर पाहता विरोध दिसतो. पण नाव नीट वाचावे. विश्रब्ध म्हणजे निर्धास्त, विश्वासाने मन मोकळे केलेला. शारदा मंचावर बोलते तेव्हा सगळे ऐकतात. विश्वासाच्या माणसाजवळ बोलते ते पत्रांत उरते. मला वाटते, मोट्यांना हे पक्के ठाऊक होते की मराठी साहित्याचा बराच भाग अशा भरवशावर उभा आहे. एका प्रसंगी त्यांनी तो भरवसा न बोलून जपला, दुसऱ्या प्रसंगी वेळ आल्यावर, निवडून, मांडून जपला. गुपित राखणे आणि गुपित योग्य वेळी योग्य हातांत देणे ही एकाच मैत्रीची दोन कामे आहेत.

दुसरे काम अवघड असते, हे शार्लट ब्राँटेच्या बाबतीत दिसते. एलिझाबेथ गॅस्केल तिची मैत्रीण, आणि स्वतः नाणावलेली कादंबरीकार. शार्लट १८५५मध्ये वारली आणि दोन वर्षांत गॅस्केलने तिचे चरित्र लिहिले. हे चरित्र मैत्रिणीच्या बचावासाठी होते. असभ्य पुस्तके लिहिणारी म्हणून झालेली तिची बदनामी पुसायची होती. त्यासाठी गॅस्केलने ओसाड माळरान, कडक बाप, एकापाठोपाठ एक मरणारी भावंडे, कर्तव्यदक्ष मुलगी असे चित्र उभे केले. बचाव यशस्वी झाला. पण त्या दिवसापासून ‘जेन एअर’ हे एका दुःखी मुलीचे आत्मकथन म्हणून वाचले जाऊ लागले, आणि त्यातली रचना, त्यातला राग, त्यातली बुद्धी यांकडे नजर वळायला फार काळ लागला. चारित्र्य वाचले, कला आकसली.

मालतीबाईंच्या बाबतीत हेच घडले असे मला दिसते. नाव उघड होण्याआधी हे एका पुरुषाचे चाळे म्हणून वाचले गेले. नाव उघड झाल्यावर एका कन्याशाळेतल्या बाईने पाहिलेल्या मुलींच्या हकीकती म्हणून वाचले गेले. पहिल्या वाचनात बाई नाकारली, दुसऱ्या वाचनात लेखिका. कोणी कधीही ‘ही कथा अशी का रचली आहे’ असे पुरेसे विचारले नाही. संग्रहाचे नावच ‘निःश्वास’ आहे. भाषण नाही, कैफियत नाही. अर्धवट राहिलेली वाक्ये, स्वतःशीच केलेले प्रश्न, मध्येच थांबणारी कबुली यांतून त्या मुलींचे मन दिसते. प्रश्नचिन्हात संपणारे शीर्षक हे लेखिकेने केलेले काम आहे, कोणाच्या हकीकतीतून ते आपोआप येत नाही. बोलायची सवय नसलेली माणसे बोलू लागली की भाषा कशी अडखळते हे विभावरी शिरूरकरांना नेमके ऐकू आले होते, आणि ते अडखळणे त्यांनी दुरुस्त केले नाही.

माझ्या या मांडणीवर एक आक्षेप घेता येईल. टोपणनाव ही मुळात नाइलाजाची गोष्ट होती. भीतीपोटी घेतलेल्या नावाला एवढे वाङ्मयीन महत्त्व कशाला द्यायचे? नाइलाज संपला तसे ते नावही संपायला हवे होते. आज आपण ‘मालती बेडेकर’ असेच छापले पाहिजे, नाहीतर त्या काळच्या दडपणालाच आपण मान देतो. हा आक्षेप सरळ मनाचा आहे आणि त्यात न्यायाची तळमळ आहे. पण लेखिकेने स्वतः काय केले ते पाहावे. गुपित संपल्यानंतरही त्यांनी ते नाव सोडले नाही. सोलापूरच्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केल्याच्या अनुभवातून त्यांनी ‘बळी’ लिहिली, ती १९५०मध्ये विभावरी शिरूरकर याच नावाने आली. तोवर लपण्याचे कारण उरलेले नव्हते. ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’सारखा सामाजिक अभ्यास मात्र मालती बेडेकर म्हणून आला. म्हणजे दोन नावांत त्यांनी कामाची वाटणी केली होती. भीतीने घेतलेले नाव पुढे निवडीचे झाले. एलियटनेही हेच केले. ती कोण हे सगळ्या इंग्लंडला कळल्यानंतरच ‘मिडलमार्च’ आली, आणि ती जॉर्ज एलियटची म्हणूनच.

आजही टोपणनावामागचा माणूस शोधून काढणे हा पराक्रम समजला जातो. २०१६ साली एका इटालियन पत्रकाराने एलेना फेरान्ते या नावामागे कोण असावे हे पैशांच्या आणि मालमत्तेच्या नोंदी तपासून जाहीर केले, तेव्हा जगभरच्या अनेक वाचकांनी संताप व्यक्त केला. आम्हाला हे जाणून घ्यायचे नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. १९३३च्या मराठी वाचकापेक्षा हा वाचक पुढे आला आहे, असे म्हणता येईल. लेखिकेने जितके दिले तितक्यावर वाचन करता येते, हे त्याला कळले आहे. मोट्यांना ते आधीच कळले होते.

१९५३मध्ये मालतीबाईंचे ‘खरेमास्तर’ आले. खरे हे त्यांचे माहेरचे आडनाव, आणि खरेमास्तर म्हणजे त्यांचे वडील. मुलींना शिकवण्यासाठी गावाची बोलणी खाणारा, स्वतःच्या मर्यादांशी झगडणारा एक साधा शिक्षक. वीस वर्षांपूर्वी ज्या आडनावाला जपण्यासाठी टोपणनाव घेतले होते, तेच आडनाव आता पुस्तकाच्या शीर्षकात उघड छापलेले आहे, आणि त्याखाली लेखिकेचे नाव आहे विभावरी शिरूरकर. ज्याला पाहिजे त्याने दोन्ही नावे एकत्र वाचावीत. लपवायचे काही उरलेले नाही, आणि तरीही लेखिका विभावरीच आहे. आपल्या बापाची गोष्ट सांगायला मुलीला लेखिका व्हावे लागले, आणि लेखिकेचे नाव तिने स्वतः ठेवले होते. ग्रंथालयाच्या नोंदीत हे पुस्तक कोणत्या नावाखाली लावायचे हा प्रश्न कोणी मला विचारला, तर माझे उत्तर ठरलेले आहे: मुखपृष्ठावर जे नाव आहे, तेच.